सर्वश्रेष्ठ फर्स्ट बेसमन कोण: गेरिग, पूहोल्स की आणखी कुणी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसातले अमेरिकन सहकारी लू गेरिगला इतिहासातला सर्वश्रेष्ठ फर्स्ट बेसमन म्हणतात. तुम्ही आकडे काढून पाहिले, तर गेरिगचे होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा, भिंतीपार मारलेला फटका) ४९३ आणि आल्बर्ट पूहोल्सचे ७०३. मग पूहोल्स पहिला का नाही, आणि पहिल्या दहांची यादी लावायचीच झाली तर ती कशी लावायची?

मी इथे अमेरिकेत शाळकरी मुलांना बेसबॉल शिकवतो आणि माझा बराचसा वेळ फर्स्ट बेसवर उभ्या राहणाऱ्या मुलांबरोबर जातो. त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या कामातला आहे. यादी देतोच, पण ती कशी झाली हे आधी सांगायला हवं, नाहीतर ऑफिसात वाद घालायला तुमच्या हाती नुसती नावं राहतील.

होम रनच्या आकड्यावर क्रम लावता येत नाही, हे पहिलं. तसा लावला तर ६१२ होम रनवाला जिम टोमी गेरिगच्याही वर जाईल आणि ५३४वाल्या जिमी फॉक्सच्याही. टोमी फार चांगला बॅटर होता, पण त्याला फॉक्सच्या वर बसवणारा जाणकार मला अजून भेटलेला नाही. तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. फर्स्ट बेसमन म्हणायचं कुणाला? तो आपल्या काळातल्या बाकीच्यांपेक्षा किती वरचढ होता? आणि किती वर्षं? या तिन्हींना कोण किती वजन देतो त्यावर यादी बदलते. माझी यादी माझ्या वजनांची आहे, हे मान्य करूनच पुढे जातो.

आधी या जागेचं काम काय ते पाहू. बॅटरनं चेंडू जमिनीवरून मारला की शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फिल्डर) किंवा थर्ड बेसमन तो उचलून फर्स्ट बेसकडे फेकतो. बॅटर बेसवर पोचण्याआधी फर्स्ट बेसमननं एक पाय बेसला लावून तो चेंडू घेतला पाहिजे. क्रिकेटमध्ये रनआउटच्या वेळी कीपर स्टंपजवळ थ्रो घेतो तसं काहीसं, फक्त इथे ते एका सामन्यात कितीतरी वेळा घडतं. कठीण भाग येतो तो थ्रो खराब आला की. पळता पळता फेकलेला चेंडू बेसच्या हातभर आधी टप्पा पडून उसळतो, आणि तो मिटमध्ये, म्हणजे हातमोज्यात, अलगद खुडून घ्यावा लागतो. नवी मुलं हमखास एक चूक करतात, फेकणाऱ्याच्या हातातून चेंडू सुटायच्या आतच पाय लांब ताणून बसतात. मग थ्रो दोन फूट बाजूला आला की त्यांना हलताच येत नाही. चेंडू कुठे येतोय ते दिसल्यावरच ताणायचं, तोवर दोन्ही पाय मोकळे ठेवायचे. ऐकायला सोपं वाटतं, अंगवळणी पडायला एक अख्खा हंगाम जातो.

तरीही बेसबॉलमधल्या जागांची अवघडपणानुसार उतरंड लावली तर फर्स्ट बेस तळाला येतो. धावण्यात मंद, अंगानं दणकट, पण फटका जबरदस्त अशा खेळाडूला संघ इथे उभं करतात. म्हणून हिशेब मांडणारे फर्स्ट बेसमनला झुकतं माप देत नाहीत. फॅनग्राफ्स या आकडेवारीच्या संकेतस्थळाच्या पद्धतीत पूर्ण हंगामाला त्याच्या खात्यातून साडेबारा धावा वजा होतात आणि शॉर्टस्टॉपच्या खात्यात साडेसात जमा होतात. म्हणजे दोघांनी सारखीच बॅटिंग केली तरी फर्स्ट बेसमन वीस धावांनी मागे राहतो. या जागेवर मोठं ठरायचं तर बॅट अफाट हवी. यादीत बॅटिंगला मी जवळपास सगळं वजन देतो त्याचं कारण हेच. फिल्डिंग येते ती दोघं अगदी शेजारी उभे असतील तेव्हा.

आता गेरिग आणि पूहोल्स.

गेरिगची कारकिर्दीची सरासरी .३४०, म्हणजे दर हजार संधींत ३४० यशस्वी फटके (हिट). ओपीएस प्लस नावाचं एक माप आहे. त्यात मैदान आणि काळ यांचा फरक काढून टाकलेला असतो आणि १०० म्हणजे त्या काळातला सर्वसाधारण बॅटर. गेरिग त्यात १७९ आहे. फॉक्स १६३. पूहोल्स पूर्ण कारकिर्दीत १४५च्या आसपास. इथेच बरेच जण वाद मिटवतात, आणि मला ते पटत नाही. गेरिगच्या आकड्यांत म्हातारपण नाही. १९३८च्या हंगामात त्याची सरासरी .२९५ वर आली, आणि १९३९मध्ये आठ सामन्यांनंतर, २ मे रोजी डेट्रॉइटमध्ये, त्यानं स्वतःच मॅनेजरला आपल्याला संघाबाहेर बसवायला सांगितलं. सलग २,१३० सामन्यांची साखळी तिथे थांबली. जूनमध्ये एएलएसचं (स्नायू निकामी करत जाणाऱ्या आजाराचं) निदान झालं आणि दोन वर्षांनी, ३८ वर्षांचा होण्याआधीच, तो गेला. पूहोल्स मात्र ४२ वर्षांचा होईपर्यंत खेळला. नंतरच्या, एंजल्स संघाकडच्या दहा हंगामांत त्याची सरासरी .२५६ होती. उतारावरची ती सगळी वर्षं त्याच्या सरासरीत मोजली जातात, गेरिगच्या सरासरीत तशी वर्षंच नाहीत.

म्हणून मी पूहोल्सचे सेंट लुइस कार्डिनल्सकडचे २००१ ते २०११ हे ११ हंगाम वेगळे काढतो. सरासरी .३२८, होम रन ४४५, तीन एमव्हीपी (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार), दोन वर्ल्ड सीरिज (वर्षाची अंतिम मालिका) विजेतेपदं आणि ओपीएस प्लस १७०. आता तुलना १७९ आणि १७० यांची झाली. अजूनही गेरिग पुढे, पण दरी बुजत आली.

आणखी एक जोडी पाहा, ही मी मुलांनाही दाखवतो. १९३४मध्ये गेरिगनं ४९ होम रन मारले आणि संपूर्ण हंगामात फक्त ३१ वेळा स्ट्राइकआउट (चेंडू मारता न आल्यानं बाद) झाला. २००६मध्ये पूहोल्सनं तेवढेच, ४९ होम रन मारले आणि ५० वेळा स्ट्राइकआउट झाला. वरवर पाहता गेरिग बराच सरस. पण २००६पर्यंत लीगमध्ये स्ट्राइकआउटचं प्रमाण १९३४च्या जवळपास दुप्पट झालं होतं. शेवटच्या डावांत नव्या दमाचा, जोरात फेकणारा पिचर आणायची पद्धत गेरिगच्या काळात आजच्यासारखी नव्हती. चौथ्यांदा बॅटिंगला येताना त्याच्यासमोर बरेचदा पहिल्या डावापासून राबलेलाच पिचर असायचा. तो फरक धरला तर पूहोल्सचे ५० हे गेरिगच्या ३१ इतकेच अचाट आहेत. (त्याच १९३४मध्ये गेरिगनं सरासरी, होम रन आणि आरबीआय या तिन्हींत लीगमध्ये पहिला येऊन ट्रिपल क्राउन मिळवला, आणि एमव्हीपीच्या मतदानात तो पाचवा आला. पुरस्कारांवरून क्रम लावणाऱ्यांनी हे वर्ष जरूर पाहावं.)

आरबीआय, म्हणजे बॅटरच्या फटक्यावर आलेल्या धावा, मी जवळजवळ मोजतच नाही. १९३१मध्ये गेरिगच्या नावावर १८५ आरबीआय लागले, अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीग या सर्वोच्च स्पर्धेच्या दोन भागांपैकी एकात) तो विक्रम आजही उभा आहे. पण न्यूयॉर्क यँकीज संघात त्याच्या आधी दिग्गज बेब रूथ बॅटिंग करत होता. गेरिग यायचा तेव्हा बेसवर कुणी ना कुणी उभा असायचाच. सोबत्यांमुळे फायदा होतो तसं नुकसानही होतं. त्याच हंगामात वॉशिंग्टनमध्ये गेरिगनं होम रन मारला, पण बेसवर असलेल्या लिन लॅरीला वाटलं झेल गेला, आणि तो पळणं सोडून थेट डगआउटमध्ये गेला. गेरिग खाली मान घालून बेस ओलांडत राहिला, पुढच्या रनरला मागे टाकल्याबद्दल बाद ठरला आणि होम रनचा ट्रिपल (तीन बेसचा फटका) झाला. हंगाम संपला तेव्हा होम रनमध्ये रूथ ४६, गेरिग ४६.

यँकी स्टेडियमच्या उजव्या बाजूची भिंत जवळ होती आणि गेरिग डावखुरा, त्यामुळे त्याचे आकडे फुगलेले आहेत असंही ऐकू येतं. तसं नाही. त्याचे होम रन घरी आणि बाहेर जवळपास सारखेच आहेत, आणि सरासरी तर बाहेरच्या मैदानांवर जास्त आहे.

फिल्डिंगमध्ये पूहोल्स निर्विवाद पुढे. गेरिग सुरुवातीला अवघडलेला होता, मेहनतीनं चांगला झाला. पूहोल्स आधी थर्ड बेस आणि लेफ्ट फिल्डवर खेळायचा, कोपराच्या दुखापतीनंतर २००४पासून कायमचा फर्स्ट बेसवर आला, आणि या तळाच्या जागेवर तो शॉर्टस्टॉपसारखा खेळला. इतर फर्स्ट बेसमन चेंडू उचलला की जवळचा, खात्रीचा बळी घेतात. पूहोल्स पुढच्या रनरकडे बघायचा आणि सेकंड किंवा थर्ड बेसकडे थ्रो मारायचा. बेस सोडून खूप उजवीकडे जाऊन चेंडू अडवायचा आणि बेसवर धावत आलेल्या पिचरकडे द्यायचा. २००९मध्ये त्याचे असिस्ट (थ्रो करून दुसऱ्याला बळी मिळवून देणं) १८५ झाले, एका हंगामातला फर्स्ट बेसमनचा विक्रम. असिस्ट हा आकडा इथे बोलका आहे, कारण नुसतं बेसवर उभं राहून थ्रो घेण्यानं तो वाढत नाही.

एवढं सगळं पूहोल्सच्या बाजूनं सांगूनही मी गेरिगला पहिला ठेवतो. बॅट, मैदानावरची वर्षं आणि बाकी सगळं एकत्र मोजणारं वॉर (साध्या बदली खेळाडूपेक्षा संघाला किती विजय जास्त मिळवून दिले) हे माप घेतलं तर गेरिग ११०च्या वर आणि पूहोल्स १००च्या थोडा वर आहे. पूहोल्सला तिथे पोचायला २२ हंगाम लागले, गेरिगला पूर्ण असे १४च. मुलांना फर्स्ट बेस शिकवायला चित्रफीत लावायची असेल तर मी पूहोल्सचीच लावतो, पण यादीत पहिलं नाव गेरिगचं, दुसरं पूहोल्सचं.

या निकालाला एक मोठी अट आहे आणि ती मी कधीच गाळत नाही. गेरिगच्या काळात मेजर लीगमध्ये काळ्या खेळाडूंना प्रवेशच नव्हता. तो ज्या पिचरांसमोर आणि ज्या फर्स्ट बेसमनशी तुलनेत मोठा ठरला, त्यांतून देशातले कितीतरी उत्तम खेळाडू आधीच वगळलेले होते. त्यातला एक तर थेट याच जागेवर होता. बक लिओनार्ड, नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉकी माउंटचा, गेरिगपेक्षा चार वर्षांनी लहान, निग्रो लीगमधल्या (काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीगमधल्या) होमस्टेड ग्रेज संघाचा डावखुरा फर्स्ट बेसमन. जॉश गिब्सन आणि तो एकाच संघात एकामागोमाग बॅटिंगला यायचे. लोक त्याला 'काळा गेरिग' म्हणायचे. त्या नावात कौतुक होतं आणि अन्यायही. १९४७च्या एप्रिलमध्ये रंगभेदाची ती भिंत जॅकी रॉबिन्सननं पाडली तेव्हा लिओनार्ड ३९ वर्षांचा होता. मेजर लीगमध्ये तो कधीच खेळला नाही. १९७२मध्ये गिब्सनबरोबर त्याला हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलच्या सर्वोच्च मानकऱ्यांत) घेतलं, आणि निग्रो लीगचे आकडे मेजर लीगच्या नोंदीत धरले गेले ते २०२४मध्ये. तिथले अधिकृत हंगाम छोटे असायचे, बाकीचे सामने गावोगाव फिरून खेळलेले प्रदर्शनी सामने, म्हणून त्याचे एकूण आकडे गेरिगच्या शेजारी ठेवून बेरीज-वजाबाकी करता येत नाही. दरानं मोजलं, तर त्याची जागा अगदी वर आहे.

जाता जाता, बहुतेकांच्या लक्षात नसतं: रॉबिन्सन सेकंड बेसमन म्हणून प्रसिद्ध असला तरी १९४७चा तो पहिला, ऐतिहासिक हंगाम ब्रुकलिनसाठी तो फर्स्ट बेसवर खेळला. ती जागा त्याला नवी होती. धावत येणारा रनर जिथे तुमच्या पायावर पाय देऊ शकतो अशी ती जागा, आणि काहींनी तसं केलंही.

आता पुढची नावं. जिमी फॉक्स तिसरा. १९३२मध्ये ५८ होम रन, १९३३मध्ये ट्रिपल क्राउन, तीन एमव्हीपी. ताकदीत तो गेरिगच्या तोडीस तोड होता, पण तिशीच्या मध्यावर त्याची घसरण झपाट्यानं झाली आणि सरासरी .३२५ असली तरी सातत्य गेरिगचं जास्त. चौथा मी लिओनार्डला धरतो. पाचवा जेफ बॅगवेल, आणि याच्यासाठी मी कुणाशीही वाद घालेन. त्याची उमेदीची वर्षं ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये गेली. तिथे चांगले मारलेले चेंडूही भिंतीच्या आत पडायचे. तरी ४४९ होम रन. १९९४मध्ये ११० सामन्यांत .३६८ आणि ३९ होम रन, मग हात मोडला आणि लगोलग संपामुळे हंगामच बंद पडला. शिवाय दोन हंगामांत ३० होम रन आणि ३० बेस चोरणं (फटक्याची वाट न पाहता पुढच्या बेसवर पळून पोचणं), दोन्ही. फर्स्ट बेसमनकडून हे कुणी अपेक्षितच करत नाही.

सहावा फ्रँक थॉमस. तो फर्स्ट बेसपेक्षा डेझिग्नेटेड हिटर (फिल्डिंग न करता फक्त बॅटिंग करणारा) म्हणूनच जास्त सामने खेळला, म्हणून काही जण त्याला यादीत घेत नाहीत. पण त्याची सर्वांत चांगली वर्षं, १९९३ आणि १९९४च्या एमव्हीपीसकट, फर्स्ट बेसवरची आहेत, आणि माझा नियम तोच आहे: खेळाडूनं आपली खरी कमाई जिथे उभं राहून केली ती त्याची जागा. हाच नियम मिगेल कॅब्रेराच्या विरुद्ध जातो. फर्स्ट बेसवर तो सर्वांत जास्त खेळला, पण २०१२चा ट्रिपल क्राउन आणि त्याचे दोन्ही एमव्हीपी थर्ड बेसवरचे.

सातवा जॉनी माइझ, आठवा हँक ग्रीनबर्ग. दोघांचीही ऐन भरातली वर्षं दुसऱ्या महायुद्धात गेली. माइझची तीन; परत आल्यावर १९४७मध्ये त्यानं ५१ होम रन मारले आणि फक्त ४२ वेळा स्ट्राइकआउट झाला. पन्नासच्या वर होम रन आणि पन्नासच्या आत स्ट्राइकआउट हे दुसऱ्या कुणालाही जमलेलं नाही. ग्रीनबर्गनं १९३८मध्ये ५८ मारले होते. १९४१च्या मेमध्ये तो सैन्यात गेला, ५ डिसेंबरला सुटला, दोन दिवसांनी पर्ल हार्बर झालं आणि तो आपणहून पुन्हा भरती झाला. १ जुलै १९४५ला परतला तो होम रन मारूनच, आणि हंगामाच्या शेवटच्या दिवशी त्याच्या ग्रँड स्लॅमवर (तिन्ही बेस भरलेले असताना मारलेल्या होम रनवर) डेट्रॉइटनं लीग जिंकली. त्याचे ३३१ होम रन पाहून त्याला खाली ढकलणाऱ्यांनी ही वर्षं मोजावीत.

नववा विली मकोव्ही. त्याचा काळ पिचरांचा होता. १९६९ला पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणावा लागला इतका. त्याच वर्षी त्यानं ४५ होम रन मारले आणि पिचरांनी त्याला ४५ वेळा मुद्दाम वॉक दिला (मारता न येणारे चेंडू टाकून फुकट फर्स्ट बेस दिला). दहावा एडी मरे, ३,२५५ हिट, ५०४ होम रन, आणि फर्स्ट बेसवर इतिहासात सर्वांत जास्त सामने: २,४१३.

मार्क मग्वायरला मी यादीत घेतलेलं नाही. ५८३ होम रन आहेत, पण स्टेरॉइड घेतल्याचं त्यानं स्वतः २०१०मध्ये सांगितलं, आणि त्यातलं किती बॅटचं आणि किती औषधाचं हे वेगळं काढायची रीत माझ्याकडे नाही. कॅप ॲन्सन आणि एकोणिसाव्या शतकातले बाकीचे मी बाजूला ठेवतो. पिचरचं अंतर आजच्याइतकं झालं तेच १८९३मध्ये, त्यामुळे तो खेळच निराळा होता. काळ्या खेळाडूंविरुद्ध मैदानात उतरायला नकार देणाऱ्यांत ॲन्सन पुढे होता, हेही त्याचं नाव घेताना सांगितलंच पाहिजे. कीथ हर्नांडेझची ११ गोल्ड ग्लोव्हज (फिल्डिंगचा पुरस्कार) हा या जागेवरचा विक्रम आहे. बंटचा (बॅट नुसती धरून चेंडू हलकेच पुढे पाडण्याचा) नुसता वास आला तरी तो बॅटरच्या अंगावर धावून जायचा. फिल्डिंगवर यादी असती तर तो पहिला. बॅटनं तो पहिल्या दहांत बसत नाही.

सदाहारू ओ यांना या क्रमात कुठे ठेवायचं असं पुढे कुणी विचारेलच. टोकियोच्या योमिउरी जायंट्सचे फर्स्ट बेसमन, १९५९ ते १९८०, एक पाय उचलून मारलेले ८६८ होम रन, सलग १३ वर्षं लीगमध्ये होम रनमध्ये पहिले. जपानी मैदानं तेव्हा लहान होती आणि पिचिंगचा दर्जा वेगळा, म्हणून ८६८ हा आकडा ७०३च्या शेजारी मी लावत नाही. पण आपल्या लीगमध्ये इतकी वर्षं इतका वरचढ राहिलेला फर्स्ट बेसमन दुसरा नाही. 'मेजर लीगमधला' हा शब्द तुमच्या प्रश्नातून काढला, तर मी त्यांना पूहोल्स आणि फॉक्स यांच्या बरोबरीनं उभं करेन.

आजच्यांपैकी फ्रेडी फ्रीमनवर नजर ठेवा. २०२०चा एमव्हीपी, आणि २०२४च्या वर्ल्ड सीरिजच्या पहिल्या सामन्यात, दुखऱ्या घोट्यावर उभं राहून, दहाव्या इनिंगमध्ये सामना जिंकणारा ग्रँड स्लॅम. तो एक फटका मी यादीसाठी मोजत नाही. मोजतो ते त्याचं वर्षानुवर्षं सरासरी .३००च्या आसपास ठेवणं आणि बेसवरची सफाई. असाच आणखी दोन-तीन हंगाम खेळला तर मरेची दहावी जागा मला त्याला द्यावी लागेल.